मुंबईत शिकायला आल्यावर हरिपाठाची सोबत कशी शोधावी?

परभणीहून माटुंग्याला शिकायला आल्यापासून घरचा संध्याकाळचा हरिपाठ सुटला, वसतिगृहात एकट्याने म्हणवत नाही, खोलीतल्या गोव्याच्या मित्राचीही रविवारी तशीच घालमेल होते, तर सोबत कुठे शोधावी, असे तुम्ही विचारले आहे. मीही बार्शीहून याच भागात शिकायला आलो होतो, त्यामुळे तुमची हुरहूर मला चांगलीच ठाऊक आहे.

वडाळ्याचे विठ्ठल मंदिर तुमच्यापासून जवळ आहे. मी पहिल्यांदा तिथे आषाढीला गेलो आणि दर्शनाच्या रांगेत उलट जास्तच एकटा पडलो. म्हणून तुम्ही एखाद्या साध्या एकादशीला जा आणि भजन चालू असेल तर ते संपल्यावर पखवाज वाजवणाऱ्यालाच विचारा की, तुमचे मंडळ आठवड्याला कुठे बसते. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी भजनी मंडळे उभी केली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी त्यांतली काही मंडळे टिकली.

मला असेच एक मंडळ परळच्या चाळीतल्या एका खोलीत सापडले. हरिपाठ तोंडपाठ होता, पण चाल निराळी असल्याने पहिले दोन गुरुवार मी नुसते ओठ हलवत बसलो. तिसऱ्या गुरुवारी शेजारच्या आजोबांनी काही न बोलता आपले टाळ माझ्या हातात दिले, दोरी बोटांभोवती कशी गुंडाळायची ते दाखवले आणि स्वतः टाळ्या वाजवत राहिले. पुढे मी दोन आठवडे गेलो नाही, तेव्हा त्यांचा नातू चौकशी करत वसतिगृहाच्या फाटकाशी आला. आपण न आल्याचे कोणाच्या लक्षात येते का, हेच मी तेव्हापासून पाहतो. तुमच्या मित्रालाही हेच सांगा: माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला मोठी गर्दी असते, पण ओळखी व्हायच्या तर त्याने जवळच्या पॅरिशमधील, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, तरुणांच्या गटाची चौकशी करावी.

एक मात्र सांभाळा. पहिल्याच भेटीत पैसे मागणारा, घरच्यांपासून लपवायला सांगणारा किंवा अभ्यास सोडून सेवेला लावणारा गट कितीही गोड बोलत असला, तरी तिथून उठून या. मी माळ घालण्याविषयी विचारले, तेव्हा आजोबा म्हणाले होते, "आधी परीक्षा दे, मग घरी आईला विचार."