मुलासोबत आरसी कार रेसिंगच्या क्लबमध्ये जायचंय. सुरुवातीला कोणती गाडी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: लेस्टरला येऊन चार महिने झालेत, जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये दर आठवड्याला रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती भरतात आणि बारा वर्षांच्या मुलाला त्यात उतरायचंय. मग ऑनलाइन दिसणारी ताशी 60 किलोमीटरवाली गाडी घ्यावी का, एकूण खर्च किती येईल आणि दोन वर्षांनी पुण्याला परतताना हे सगळं नेता येईल का?

ती गाडी घेऊ नका. आधी काहीच घेऊ नका.

मी इथेच मिडलँड्समध्ये राहते. मुलाच्या हट्टापायी या नादाला लागून सहा वर्षं झाली. (मुलगा मध्येच क्रिकेटकडे वळला, मी अजून जाते. त्यावरून घरी बोलणी खाते, पण ते असो.) आम्हीही वाढदिवसाला असाच मोठ्या चाकांचा, उड्या मारणारा ट्रक घेतला आणि तो घेऊन थेट क्लबच्या दारात उभे राहिलो. नाव नोंदवून घेणाऱ्या आजोबांनी ट्रक उलटा करून पाहिला, टायर दाबले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "छान आहे, पण याला इथे जोडीदार नाहीत." म्हणजे त्या क्लबात त्या वर्गाच्या शर्यतीच नव्हत्या. मुलाचा चेहरा पाहवेना. ट्रक अजून माळ्यावर आहे.

क्लबमध्ये गाड्या वर्गवार धावतात. माप ठरलेलं, मोटर ठरलेली, बऱ्याच ठिकाणी टायरही एकाच प्रकारचे. हॉलमध्ये कार्पेट अंथरून धावणारे क्लब असतील तर तिथे 1:10 मापाच्या (म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश) टूरिंग कार दिसतील, कुठे 1:12 च्या छोट्या चपट्या गाड्या, कुठे उंचवटे मांडून बग्गी, म्हणजे खडबडीत वाटेच्या गाड्या. मोटरीवर 13.5, 17.5, 21.5 असे आकडे ऐकाल. ते तांब्याच्या तारेचे वेढे. जितके वेढे जास्त, तितकी मोटर संथ. नवख्याला हे उलटं वाटतं आणि तो हौसेने छोट्या आकड्याची मोटर उचलतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात मुलाला घेऊन रिकाम्या हाताने जा. नवशिक्यांचा वर्ग कोणता, त्यात कोणती मोटर आणि टायर चालतात, एवढं विचारा आणि मग टेबलांमधून नुसते फिरा. ज्या गाड्या सर्वांत जास्त दिसतील, त्यातलीच घ्या. कारण रात्री आठ वाजता पुढच्या चाकाचा आर्म तुटला, की दुकान उघडं नसतं. शेजारच्या टेबलावरच्या डबीत तो पार्ट असतो, पण तुमची गाडी त्याच्यासारखी असेल तरच.

अनेक क्लबांत हे उत्तर तामिया या जपानी कंपनीची टीटी-02 असं निघतं. 2013 पासून चालत आलेलं मॉडेल आहे, चारही चाकांना ताकद, सुटे भाग सगळीकडे मिळतात, आणि भिंतीवर आपटली तरी बहुतेक वेळा बॉडीच फाटते. ती किट म्हणून घ्या, तयार जोडलेली नको. दोन-तीन संध्याकाळी डायनिंग टेबल अडकेल, पण पुढे काही मोडलं तर आत काय आहे हे मुलाला माहीत असेल. किटमध्ये दांडे फिरण्यासाठी प्लास्टिकच्या कड्या, म्हणजे बुश, येतात, त्याऐवजी जोडतानाच बॉल बेअरिंग बसवा. नंतर बसवायचं म्हणजे पुन्हा सगळं खोलणं आलं. आणि तामियाचे स्क्रू जपानी मापाचे असतात. घरातला साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. त्या मापाचा एक चांगला ड्रायव्हर घ्या.

बॉडी पारदर्शक असते आणि रंग आतल्या बाजूने मारायचा असतो, त्यामुळे क्रम उलटा: आधी गडद रंग, मग फिका, शेवटी मागून पांढरा हात. आम्ही आधी पिवळा मारून त्यावर काळा फवारला, तर पिवळ्यातून काळ्याची झाक बाहेर आली आणि गाडी मळकी दिसायला लागली. बाहेरून एक पातळ फिल्म असते, ती अगदी शेवटी सोलायची. हे काम मुलाला करू द्या, सगळ्या किटमधली सर्वांत मजेची दोन मिनिटं ती.

खर्चाचं म्हणाल तर आमचा गाडी, रिमोट, चार्जर, दोन बॅटऱ्या आणि हत्यारं मिळून तीनशे पौंडांच्या आसपास झाला होता. क्लबातच कुणी वर्ग बदलत असेल तर जुनी गाडी यापेक्षा बरीच स्वस्त पडते. दर संध्याकाळची फी आमच्याकडे दहा पौंडांच्या आत आहे, मुलांना कमी. शिवाय ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनचं, म्हणजे बीआरसीएचं, वार्षिक सभासदत्व लागतं. त्यात विमा येतो. पहिल्याच दिवशी ते लागेल का, हे क्लबलाच विचारा. फेऱ्या मोजायला गाडीत ट्रान्सपाँडर नावाची चिमुकली डबी लावतात. ट्रॅकखाली पुरलेल्या तारेवरून गाडी गेली की संगणकात फेरी नोंदली जाते. सुरुवातीला क्लबचीच उसनी मिळते का पाहा, विकत घ्यायची घाई नको.

बॅटरीबद्दल मात्र मी जरा दरडावूनच सांगणार आहे. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी दोन सेलची असते, वर छापलेली 7.4 व्होल्ट, पूर्ण भरलेली 8.4 व्होल्ट. चार्जरवर "लायपो" हाच पर्याय निवडलाय ना, हे प्रत्येक वेळी मोठ्याने वाचायचं. माझ्याकडून एकदा जुन्या निकेल बॅटरीचा पर्याय तसाच राहिला होता. शेजारच्या माणसाने काही न बोलता हात पुढे करून प्लग काढला, आणि मग पुढची दहा मिनिटं भरपूर बोलला. बरोबरच होतं, जास्त चार्ज झालेली लायपो फुगते आणि पेट घेते. 5000 एमएएचची बॅटरी 5 अँपिअरवर तासाभरात भरते. न जळणाऱ्या पिशवीत ठेवून, समोर बसूनच चार्ज करायची, घरी रात्री लावून झोपायचं नाही. आठवडाभर पडून राहणार असेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवायची. एवढी कटकट नको असेल तर पहिले सहा महिने 7.2 व्होल्टची निकेल बॅटरी वापरा. संथ चालते, आणि बारा वर्षांच्या मुलासाठी तेच बरं.

प्रत्यक्ष शर्यत पाच मिनिटांची असते. एका संध्याकाळी तीन-चार हीट, म्हणजे प्राथमिक शर्यती, शेवटी फायनल. आपण एका उंच मचाणावर ओळीत उभे राहतो आणि गाडी खाली धावते. आपल्यापासून लांब जाते तोवर सगळं सोपं. वळून आपल्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं. माझ्या पहिल्या हीटमध्ये त्याच वळणावर मी दर फेरीला भिंतीत जात होते आणि खालून चिरंजीव ओरडत होते, "अगं आई, उलटं वळव, उलटं!" अख्ख्या हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच, पण हसले सगळे. जिंकणाऱ्याच्या 19 फेऱ्या झाल्या, माझ्या 11. यावर एकच उपाय मला लागू पडला: आपण त्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलोय असं समजायचं आणि तिच्या नाकाकडे बघायचं. घरासमोरच्या रिकाम्या जागेत चार बाटल्या मांडून इंग्रजी आठाचा आकडा गिरवत राहा, आठवड्याभरात हात बसतो. रिमोटमध्ये चाप पूर्ण ओढला तरी गाडीला अर्धाच वेग मिळेल अशी मर्यादा घालता येते, तीही घाला. घाटातली ती पाटी आठवते ना, "अति घाई संकटात नेई"? दुसऱ्या आठवड्यात मी अर्ध्या वेगाने, कुठेही न आपटता 15 फेऱ्या काढल्या.

आपली हीट संपली की लगेच घरी किंवा टेबलाकडे पळायचं नाही. पुढच्या हीटसाठी वळणावर मार्शल म्हणून उभं राहावं लागतं. उलटलेली गाडी सरळ करून देणं हे काम. उचलायच्या आधी दुसरी गाडी येत नाही ना ते पाहायचं, आणि ठेवताना तिचं तोंड बरोबर दिशेला करायचं. नवख्याला हळू चालवल्याबद्दल कुणी काही म्हणत नाही, पण मार्शलिंग चुकवणाऱ्याचं नाव दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना पाठ होतं. मागून वेगवान गाडी आली तर दचकून बाजूला झेप घेऊ नका, आपल्या रेषेवर सरळ राहा, तो वाट काढेल. आणि जमलं तर अर्धा तास आधी पोचून कार्पेट अंथरायला हात लावा. घरून एक एक्स्टेंशन बोर्ड न्या, तो तिथे नेहमी कमी पडतो.

पुण्याला नेण्याचं: 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट आणि गाडी खुशाल चेक-इन बॅगेत टाका. लायपो मात्र हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. 100 वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि 7.4 व्होल्टची 5000 एमएएच बॅटरी 37 वॅट-तासांचीच भरते. तरी तुमच्या विमान कंपनीचा संख्येचा नियम तिकीट काढतानाच वाचा. चार्जरचा प्लग तेवढा बदलावा लागेल. मोटर साफ करायचा स्प्रे क्लबातच कुणाला तरी देऊन टाका, तो विमानात अजिबात चालत नाही.