वाचक विचारतात: दोन सात फुटी एकत्र?

प्रश्न: एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला सात फुटी आयझाया हार्टेनस्टाइन बाहेरून, म्हणजे रिंगपासून दुरून, शूट करत नाही. मग २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने त्याला ३ वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलर का दिले? संघात आधीच सात फुटी चेट होल्मग्रेन असताना कोर्टवर गर्दी नाही का होणार?

उत्तर: गर्दीची भीती खरी आहे, पण ती दोघेही रिंगखाली थांबले तरच. होल्मग्रेनने पहिल्याच मोसमात तीन गुणांचे (दुरून मारलेले) सुमारे ३७ टक्के फटके यशस्वी केले. तो कोपऱ्यात उभा राहिला की त्याच्या बचावपटूला रिंग सोडावीच लागते. हार्टेनस्टाइन फ्री-थ्रो रेषेजवळ चेंडू घेतो, तिथून रिंगकडे झटकन धावणाऱ्याला पास देतो किंवा फ्लोटर (बचावपटूंच्या वरून अलगद फटका) टाकतो. शिवाय तो स्क्रीन भक्कम लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, त्यामुळे थंडरचा मुख्य गुण मिळवणारा शाई गिल्जस-अलेक्झांडर याला मोकळी वाट मिळते.

मुख्य कारण मात्र रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणे. २०२४ च्या प्लेऑफमध्ये डॅलसने थंडरला ६ सामन्यांत हरवले, तेव्हा डॅलसचे उंच खेळाडू गॅफर्ड आणि लाइव्हली रिंगपाशी भारी पडत होते. सडपातळ होल्मग्रेनने एकट्याने किती झुंजायचे?

हार्टेनस्टाइनच्या आधीच्या संघाला, न्यूयॉर्क निक्सना, लीगच्या नियमांमुळे त्याला ४ वर्षांचे सुमारे ७.२५ कोटीच देता येत होते. थंडरकडे मात्र लीगच्या पगारमर्यादेत (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) जागा होती.

प्रतिस्पर्धी छोटी, वेगवान पंचकडी उतरवतो तेव्हा ही जोडी अडचणीत येते. २०२५ च्या अंतिम फेरीत इंडियानाविरुद्ध पहिल्या सामन्यात हार्टेनस्टाइनऐवजी कमी उंचीच्या केसन वॉलेसने सुरुवात केली. आमच्या मते हा निर्णय त्याच्यावरचा अविश्वास नव्हता. थंडरने ती मालिका ७ सामन्यांत जिंकली.