ईएलमध्ये ९० किलो १०० किलोंपेक्षा जास्त का ठरतात

तुमची अडचण मला समजली ती अशी: वाळपईच्या काजूखरेदीच्या पानावर शेतकऱ्याने भरलेलं वजन आणि फॉर्ममधलंच किमान वजन तुम्ही जेएसपीच्या (जावावर चालणाऱ्या वेबपानांच्या) एक्सप्रेशन लँग्वेजमध्ये, म्हणजे ईएलमध्ये, > लावून ताडता, आणि ९० किलो बिया १०० किलोंपेक्षा जास्त ठरतात. चिन्ह बरोबर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना काय येतं ते तपासा.

फॉर्ममधून आलेली प्रत्येक नोंद स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची ओळ, असते. दोन्हीकडे स्ट्रिंग असली की ईएल शब्दकोशासारखं पहिल्या अक्षरापासून लावत जातं. ९ हा १ च्या नंतरचा, म्हणून "९०" मोठं. १२० आणि १५० ताडून बघाल तर उत्तर बरोबर येईल, त्यामुळे चाचणीत हे निसटतं. डिचोलीच्या एका दुकानासाठी मी केलेल्या सवलतीच्या पानावर हीच चूक होती, आणि ती गिऱ्हाईक बिल घेऊन परत आलं तेव्हा कळली. फार वाईट वाटलं होतं.

दोन्ही बाजूंना + ० करा. ईएलमध्ये + फक्त बेरीज करतं, स्ट्रिंग जोडत नाही. "५" + "५" म्हणजे १०. (जोडण्यासाठी २०१३ च्या ईएल ३.० पासून += आहे.) एका बाजूला नुसता १०० लिहूनही तुलना आकड्यांची होते, पण तेव्हा दुसरी बाजू पूर्णांकात बदलली जाते आणि कोणी "१२.५" भरलं की पान एरर देतं. + ० मध्ये दशांश चिन्ह दिसलं की डबल (दशांश संख्या) होतं, म्हणून मी तेच वापरतो.

मात्र रिकामा रकाना + ० केल्यावर गुपचूप शून्य होतो. नल (म्हणजे काही आलंच नाही) सुद्धा. गंमत म्हणजे नल == ० खोटं, पण नल + ० == ० खरं! म्हणून आधी एम्प्टी लावून रकाना रिकामा आहे का ते बघाच. शेतकऱ्याच्या नावावर शून्य किलो लागता कामा नयेत.

पोत्यांच्या हिशेबाचंही विचारलं होतंत. भागाकार जावासारखा पूर्णांकात होत नाही: १७० किलो बिया ५० किलोंच्या पोत्यांत भरल्या तर १७० / ५० म्हणजे ३.४, आणि १७० % ५० म्हणजे उरलेले २०. भरलेली पोती हवीत तर (१७० - १७० % ५०) / ५०. उत्तर ३.० असं छापलं जाईल, ते जेएसटीएलच्या (जेएसपीसाठीच्या तयार टॅगसंचाच्या) फॉरमॅट-नंबर टॅगने नीट करून घ्या.