कुलूप कुठे आणि किती?

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे. संगणकावर सगळं बंद ठेवलं की ती रोज पासवर्ड मागते, उघडं ठेवलं की आम्हाला धास्ती. हल्ली ती ‘देव खरंच आहे का’ असलंही शोधते. तेही अडवावं का?

उत्तर : आधी खाती वेगळी करा. अ‍ॅडमिन खातं (प्रोग्रॅम बसवायची आणि सेटिंग बदलायची पूर्ण मुभा असलेलं) तुमच्याकडे, तिला साधं. साध्या खात्यातून सिस्टिमच्या फायलींना हात लावता येत नाही. तिच्या स्वतःच्या फायली मात्र घातक प्रोग्रॅम तरीही खराब करू शकतो; म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या आणि केबल लगेच काढा. डिस्क जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) तीही गिळतं. इथेच बहुतेक जण फसतात.

मनसोक्त मोडतोडीसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, वेगळा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) लिनक्स ही विंडोजसारखीच पण मोफत सिस्टिम बसवून द्या : ४ जीबी मेमरी (मूळ यंत्रात निदान ८ हवी), २५ जीबी डिस्क. बसवून होताच स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची जतन केलेली प्रत, घ्या. बिघडलं की दोन क्लिकमध्ये मागे जाता येतं. शेअर्ड फोल्डर (आतल्या आणि मूळ यंत्राला दोघांनाही दिसणारा) बंदच ठेवा, नाहीतर तिकडची घाण थेट तुमच्या फायलींत येईल.

देवाबद्दलचा शोध अडवू नका. शब्दांवर चालणाऱ्या फिल्टरला शंका आणि द्वेष यातला फरक कळत नाही. चोरून हिस्ट्री पाहिलीत तर ती प्रायव्हेट विंडो वापरायला शिकेल, एवढंच. फिल्टर लावायचाच असेल तर काय बंद आहे ते तिला दाखवा, आणि दर ६ महिन्यांनी यादी दोघांनी मिळून तपासा.