गणिताचा शिक्षक होताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे माध्यमिक शाळेत गणित शिकवू इच्छिणाऱ्यांची होती. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील सहा निवडले आहेत.

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला गणित घेतलं आहे. लगेच बी.एड. करू की आधी एम.एस्सी.? घरचे म्हणतात, दोन्ही केलं तरच नोकरी लागते.
— विद्यार्थिनी, अंबाजोगाई

आधी वर्ग ठरवा. नववी-दहावीसाठी गणितातील पदवी आणि बी.एड. पुरते. अकरावी-बारावीसाठी एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात. माध्यमिकच करायचे पक्के असेल तर आधी बी.एड. उरकावे, एम.एस्सी. मागाहूनही करता येते. उलट, पदवीच्या तिन्ही वर्षांत सिद्धता पाठ करून पेपर सुटले असतील, तर एम.एस्सी.ची दोन वर्षे वाया जाणार नाहीत. हा निवाडा तुमचा तुम्हीच करा. पदवीच्या पुस्तकातले एखादे प्रमेय पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उभे करता येते का ते पाहा.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे आहे. प्रवेशाला पदवीत किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत आहे. राज्याच्या सीईटीत, म्हणजे बी.एड.च्या प्रवेश परीक्षेत, ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात : बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. या परीक्षेत गणित विषयाचा स्वतंत्र विभाग नाही. त्यामुळे गणिताचे विद्यार्थी बौद्धिक क्षमतेत पुढे जातात आणि सामान्य ज्ञानात मार खातात.

चार वर्षांची पदवी किंवा एम.एस्सी. झालेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची कल्पना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मांडली आहे. तिच्या भरवशावर हातातला प्रवेश सोडू नका.

मुलगा बारावीला आहे. त्याला शिक्षकच व्हायचंय. बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र होतं म्हणे?
— पालक, सावंतवाडी

होते. चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात बी.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही पदव्या मिळतात. एरवी तीन अधिक दोन अशी पाच वर्षे लागतात, त्यातले एक वाचते. प्रवेश राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेच्या एनसीईटी या परीक्षेतून होतो आणि ती मराठीतूनही देता येते. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था एनसीईआरटीची आहे, महाराष्ट्र आणि गोवा तिच्याच कार्यक्षेत्रात येतात. अर्ज भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा : त्या वर्षीच्या मान्यतेच्या यादीत महाविद्यालयाचे नाव आहे का, आणि अभ्यासक्रम माध्यमिक स्तराचा आहे का. हाच अभ्यासक्रम पायाभूत आणि पूर्वतयारी स्तरांसाठीही असतो. तिथे चुकून शिरलात तर नववी-दहावी दूर राहते.

मेकॅनिकल इंजिनीअरिंग झालं, चार वर्षं कंपनीत काढली. आता गणित शिकवायचंय. बी.एड.ला घेतील का?
— वाचक, चिंचवड

घेतील. अभियांत्रिकी पदवीधरांना किमान गुणांची अट ५५ टक्के आहे आणि पदवीत विज्ञान-गणिताचा भाग असावा लागतो. मात्र प्रवेश मिळाला म्हणजे गणित शिक्षकाच्या पदाला पात्र ठरलो, असे धरून चालू नका. भरतीच्या जाहिरातीत पदवीचा विषय कोणता हवा ते लिहिलेले असते, आणि कागदपत्रे तिथेच अडकतात. अभियांत्रिकी गणिताच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका जपून ठेवा. बी.एड.ला अध्यापन पद्धतीचा पहिला विषय गणितच घ्या. आधीच्या भरतीच्या दोन-तीन जाहिराती काढून पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा, आणि मगच कंपनीत राजीनामा द्या.

विषयाच्या बाजूने तुमची अडचण वेगळी. विकलन-संकलन हातात बसलेले असते, पण भूमितीची सिद्धता लिहून दहा-बारा वर्षे झालेली असतात. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने आठवी ते दहावीची सगळी प्रमेये एकदा हाताने लिहून काढा. ‘आकृतीत दिसतेच आहे’ ही सवय कारखान्यात खपते, नववीच्या फळ्यावर खपत नाही.

रियल ॲनालिसिस, ग्रुप थिअरी, लिनिअर अल्जिब्रा यातलं काहीच शाळेत शिकवायचं नाही. मग तीन वर्षं हे कशाला शिकलो?
— बी.एड. प्रथम वर्ष, नांदेड

प्रश्न जुना आहे. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ मध्येच हे दुखणे सांगून ठेवले : विद्यापीठात गेलेला विद्यार्थी शाळेचे गणित विसरतो, आणि शिक्षक होऊन परत शाळेत आला की विद्यापीठाचे विसरतो. मधला पूल कोणी बांधून देत नाही. पदवीचे प्राध्यापक म्हणतात तो बी.एड.चा भाग, बी.एड.चे म्हणतात तो पदवीचा. तेव्हा हे काम विद्यार्थ्यालाच करावे लागते. चार ठिकाणे दाखवतो.

दहावीच्या बीजगणितात क्रेमरची पद्धत आहे. मुले समीकरणांच्या सहगुणकांपासून निश्चयक (डिटरमिनंट) काढतात, भागाकार करतात, उत्तर येते. मग एखादी विचारते, ‘खालचा निश्चयक शून्य आला तर?’ ‘तसं उदाहरण परीक्षेत येत नाही’ असे सांगून वेळ मारून नेता येते. क्ष + २य = ३ आणि २क्ष + ४य = ६ घ्या. तिन्ही निश्चयक शून्य येतात, कारण दोन्ही समीकरणे एकाच रेषेची आहेत आणि उकली अनंत आहेत. आता ६ च्या जागी ७ लिहा. खालचा निश्चयक शून्यच राहतो, पण वरचे शून्य येत नाहीत. रेषा समांतर झाल्या, उकल नाही. हीच गोष्ट तुम्ही लिनिअर अल्जिब्रात मॅट्रिक्सच्या रँकच्या भाषेत शिकलात. फळ्यावर दोन आलेख काढले की नववीतल्या मुलालाही दिसते.

नववीच्या वास्तव संख्यांत ०.९९९… = १ हे विधान येते तेव्हा वर्गात वाद होतो, आणि व्हायलाच हवा. क्ष = ०.९९९… धरा, दहाने गुणा, वजा करा, ९क्ष = ९ मिळते. मुले गप्प बसतात, पण पटलेले नसते. त्यांची शंका रास्त आहे. न संपणाऱ्या दशांशाचा गुणाकार आणि वजाबाकी करता येते, हे त्या युक्तीत गुपचूप गृहीत धरले आहे. ते का चालते याचे उत्तर श्रेणीच्या अभिसरणात, म्हणजे न संपणारी बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाण्यात, आहे. वर्गात अभिसरण शिकवायचे नसते. ‘१ आणि ०.९९९… यांच्यामध्ये बसेल अशी एक संख्या सांगा’ एवढे आव्हान द्यायचे. हे आव्हान सुचायला ॲनालिसिस पचलेले असावे लागते.

तिसरे, रचना. कोन दुभागायला शिकवले की कोणीतरी त्रिभागायला निघतोच. केवळ कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून ६० अंशाचा कोन त्रिभागता येत नाही. पिएर वान्त्झेल यांनी १८३७ मध्ये ते सिद्ध केले. ‘अवघड आहे’ आणि ‘अशक्य आहे’ यातला फरक शाळकरी वयात कळण्याची ही दुर्मीळ संधी. आणि तो मुलगा ९० अंशाचा कोन त्रिभागून घेऊन आला तर त्याला चूक ठरवू नका. ९० चा होतो, कारण ३० चा कोन काढता येतो.

चौथे ठिकाण सहावी-सातवीचे : ऋण गुणिले ऋण धन का? कर्ज आणि उधारीचे दाखले एका मर्यादेपलीकडे लंगडतात. वितरण गुणधर्म लंगडत नाही. ५ + (−५) = ०, म्हणून −३ ने गुणले तरी ०. त्यातला (−३) × ५ हा भाग −१५ आहे. बेरीज शून्य व्हायची तर उरलेल्या (−३) × (−५) ला +१५ झाल्यावाचून गत्यंतर नाही. हे तुमच्या रिंग थिअरीतले पहिल्या आठवड्यातले गणित.

एक वही घाला. डाव्या पानावर पाठ्यपुस्तकातले विधान, उजव्या पानावर त्यामागचे पदवीचे प्रमेय आणि मुलांकडून येणारा एक प्रश्न. दहावीच्या भाग १ मध्ये ६ आणि भाग २ मध्ये ७ प्रकरणे आहेत. आठवड्याला एक धरले तर एका सत्रात वही भरते. बी.एड.च्या दोन वर्षांतल्या कुठल्याही फाइलपेक्षा ही वही पुढे जास्त उपयोगी पडेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावात, माझा पाठ कधीच ३५ मिनिटांत बसत नाही. पाठाचं टाचण मार्गदर्शकांनी तपासलेलं असतं, तरी वर्गात फसतो. वर्गसमीकरण सोडवायच्या पूर्ण वर्ग पद्धतीचा पाठ तर पार कोलमडला.
— छात्राध्यापिका, कराड

बी.एड.च्या आंतरवासितेचे एकूण २० आठवडे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. उपस्थिती ९० टक्के लागते. पाठ फसायची हीच जागा, तेव्हा घाबरू नका.

टाचणात बहुधा दोन दोष असतात. एक, उद्दिष्टे पाच-सहा लिहिलेली असतात. ३५ मिनिटांत एकच नवी गोष्ट बसते. दुसरा दोष जास्त घातक : उदाहरणे पुस्तकातल्या क्रमाने उचललेली असतात, त्यात नेमके काय अडणार हे सोडवून पाहिलेले नसते.

तुमचाच पाठ घेऊ. पहिले उदाहरण क्ष² + १०क्ष = ३९ घ्या. क्ष बाजूचा चौरस काढा. १०क्ष चे ५ रुंदीचे दोन पट्टे करा, एक उजवीकडे आणि एक खाली. कोपऱ्यात ५ बाय ५ ची जागा रिकामी दिसते. २५ का मिळवायचे, हे मूलच सांगते. मोठा चौरस ६४ चा, म्हणून बाजू ८ आणि क्ष = ३. इथे थांबा आणि आकृतीने −१३ ही दुसरी मुळी (समीकरणाचे उत्तर) गिळली हे दाखवा. बाजूची लांबी ऋण नसते, पण क्ष + ५ = −८ हेही खरे आहे. हे न सांगितल्यास पुढे सगळा वर्ग एकच मुळी लिहितो. सुरुवातच क्ष² + ६क्ष + ५ = ० ने केली तर दोन्ही मुळ्या ऋण येतात, −१ आणि −५, आणि आकृती पहिल्याच मिनिटाला मोडते. तुमचा पाठ अशाच एखाद्या उदाहरणाने कोलमडला असण्याची शक्यता मोठी.

दुसरे उदाहरण आकृतीशिवाय : क्ष² + ४क्ष − ५ = ०. तिसरे विषम सहगुणकाचे : क्ष² + ५क्ष + ६ = ०. इथे २५/४ मिळवावे लागतात. मुले ते फक्त डाव्या बाजूला मिळवतात, नाहीतर ५ चे अर्धे करायचे विसरून २५ लिहितात. ही चूक फळ्यावर मुद्दाम करून ‘शोधा’ म्हणा. चौथे, क्ष² + २क्ष + ५ = ०, गृहपाठाला द्या. (क्ष + १) चा वर्ग −४ येतो आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ आयता सुरू होतो.

वेळ अशी : मागच्या विस्तारसूत्राची उजळणी ४ मिनिटे, आकृती आणि पहिले उदाहरण १२, दुसरे ६, तिसरे मुलांनी वहीत ८, चूक शोधणे आणि गृहपाठ ५. उजळणीतच दहा मिनिटे जातात, म्हणून पाठ बसत नाही. फलकलेखनाची जागाही टाचणातच आखा. आकृती डावीकडे तास संपेपर्यंत राहू द्या, पुसापुशी उजवीकडे. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न टाळा. त्याला वर्ग एका सुरात ‘हो सर, हो मॅडम’ म्हणतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. ‘७क्ष असतं तर किती मिळवले असते?’ हे विचारा.

सूक्ष्म अध्यापनाकडे, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या सराव पाठाकडे, छात्राध्यापक नाटक म्हणून बघतात. ६ मिनिटे पाठ, ६ प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ, ६ प्रत्याभरण असे ३६ मिनिटांचे चक्र असते. त्यातली पुनर्नियोजनाची १२ मिनिटे बहुतेक ठिकाणी गाळली जातात, आणि खरे शिकणे तिथेच असते.

टीईटी, टेट, पवित्र… नववी-दहावीसाठी यातलं नेमकं काय लागतं?
— वाचक, वाशिम

नावांच्या साधर्म्यामुळे घोळ होतो. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ती पहिली ते आठवीसाठी. नववी-दहावीसाठी ती बंधनकारक नाही. तरीही सहावी ते आठवीचा पेपर दोन देऊन ठेवाच. अनेक माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात आणि गणित शिक्षकाकडे सहावी-सातवीही येते. १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा प्रत्येकी ३०, गणित-विज्ञान ६०. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. पहिली ते पाचवीच्या पेपर एकसाठी पैसे घालवू नका. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही.

टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती माध्यमिकलाही लागते. अभियोग्यतेचे १२०, बुद्धिमत्तेचे ८०, असे २०० प्रश्न दोन तासांत, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. गणितवाले इथे हमखास एक चूक करतात : प्रत्येक उदाहरण पूर्ण सोडवत बसतात. पर्याय टाकून पाहणे हे या परीक्षेत पाप नाही.

तिच्या गुणांवर पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून निवड होते. निवडीनंतर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. माध्यमिकला २०२३ पासून मानधन महिना १८,००० रुपये आहे. घरचा हिशेब मांडताना ही तीन वर्षे आधी लिहा.