ब्लँक आधी मोज

सप्रेम आशीर्वाद.

रेणूंच्या थरात माहिती साठवू पाहणाऱ्या डिव्हाइसचे तू पाठवलेले आलेख मी सावकाश पाहिले. रेणूंचा थर मुळीच न घातलेल्या डिव्हाइसनेही, म्हणजे ब्लँकनेही, तसाच लूप (व्होल्टेज चढवून उतरवताना प्रवाहाने वेगळ्या वाटेने परतणे) दाखवला, मार्गदर्शक ते मोजमाप बाजूला ठेवायला सांगत आहेत आणि फेलोशिप मार्चमध्ये संपते आहे. अशा वेळी पेपर पाठवावा की नाही, असे तू विचारतेस. पेपरचा प्रश्न नंतरचा. ब्लँक लूप देत असेल, तर तुझ्या डिव्हाइसमध्ये लक्षात कोण ठेवते आहे हे तुला अजून ठाऊकच नाही आणि जे ठाऊक नाही ते रेणूच्या खात्यावर जमा करता येत नाही.

या विषयाची निकड तुला समजावण्याची गरज नाही. चिप-तज्ज्ञ मार्क हॉरोविट्झ यांनी 2014 मध्ये मांडलेले आकडे तुला पाठ आहेत: 45 नॅनोमीटर चिप-तंत्रज्ञानात 32 बिटांची बेरीज सुमारे 0.1 पिकोज्यूल ऊर्जेत होते, पण तेवढाच डेटा डीरॅममधून, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीतून, आणायला सुमारे 640 पिकोज्यूल लागतात. साठवण आणि गणित एकाच जागी व्हायला हवे, हे खरेच आहे. मात्र गरज खरी असली की हाती आलेले उत्तरही खरे वाटू लागते आणि तिथेच पाय घसरतो.

ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत स्टॅनली विल्यम्स यांचा गट प्लॅटिनम आणि टायटॅनियमच्या मध्ये रेणूंचा एकच थर ठेवून स्विच बनवत असे. रेणू बदलले तरी स्विचिंग तसेच राहते, हे त्यांनी 2004 मध्ये स्वतःच छापले. पुढे तो माग टायटॅनियमच्या ऑक्साइडपर्यंत पोहोचला आणि लिऑन चुआ यांनी 1971 मध्ये कागदावर मांडलेला मेमरिस्टर, म्हणजे आधी वाहिलेला प्रवाह लक्षात ठेवणारा रोधक, विल्यम्स यांच्या गटाने 2008 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये दाखवला. गैरसोयीचे मोजमाप त्यांनी बाजूला ठेवले असते, तर हे घडले नसते. तुला ब्लँक अडचण वाटते आहे. मला तुझ्या साऱ्या कामात तेच सर्वांत मोलाचे वाटते.

आता तुझ्या नमुन्याकडे येतो. वरचा इलेक्ट्रोड चांदीचा आहे. विद्युत क्षेत्रात चांदीचे आयन सरकतात, त्यांचा तंतू जुळला की प्रवाह एकदम वाढतो आणि उलट व्होल्टेजने तो तुटला की प्रवाह पडतो; आलेखावर हा लूप रेणूच्या लूपपासून नजरेने वेगळा काढता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या आकारांचे इलेक्ट्रोड घे. चालू अवस्थेतील प्रवाह क्षेत्रफळाबरोबर वाढला नाही, तर तो एखाद्याच ठिपक्यातून वाहतो आहे असा दाट संशय घे. नमुना थंड कर. तापमान उतरताना रोधही उतरला, तर वाट धातूची आहे. चांदीऐवजी सोने लावून पाहा. आणि प्रत्येक वेळी, त्याच दिवशी बनवलेले, त्याच दिवशी मोजलेले ब्लँक शेजारी असलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. तुझे उत्तम लूप सगळे जुलै-ऑगस्टमधले आहेत आणि मे महिन्यातली बहुतेक डिव्हाइस मुकी आहेत. इंदूरचा मे कसा कोरडा असतो हे रामबागेत वाढलेल्या मुलीला मी सांगायचे काय? पावसाळ्यात हवेतले पाणी थरात शिरते आणि आयनांना सरकणे सोपे होते. असे असताना वहीत आर्द्रतेचा रकाना कोरा पाहून मला राग आला, तो मी लपवत नाही.

श्रीतोष गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये डिव्हाइस चालू असतानाच रामन वर्णपट (रेणूने विखुरलेल्या प्रकाशातून त्याची अवस्था ओळखण्याची रीत) घेऊन प्रवाहाच्या पातळ्या रेणूच्या रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्या-देण्याच्या, अवस्थांशी जुळवून दाखवल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून (आयआयएससी) 2024 मध्ये त्यांच्या गटाने रेणूंचा, हजारो पातळ्या लक्षात ठेवणारा 14 बिटांचा मेमरिस्टर मांडला, त्यामागे ही अशी पायाभरणी आहे. तू ब्लँक सोडून थेट बिटांकडे धावते आहेस.

मी पोस्टडॉक असताना आमच्या ब्लँकनेही तसेच लूप दिले होते. ते छापावेत असा मी आग्रह धरला, तो मानला गेला नाही, माझी मुदत वाढली नाही आणि मी इंदूरला परतलो. अडेलतट्टू ही ख्याती माझ्याआधी इथे पोहोचली होती. घरच्यांना त्याची झळ बसली, म्हणून मार्चची तुझी धास्ती मी क्षुल्लक मानत नाही. खंत वेगळीच आहे: ते मोजमाप कुठेच न छापले गेल्यामुळे नंतर इतर मुलांनी त्याच पदार्थावर उमेदीची वर्षे घातली. तरीही मी हट्ट केला तो योग्यच होता आणि आज पुन्हा तेच करीन. तुला दुसरे उत्तर हवे असते, तर तू मला विचारले नसतेस.

तेव्हा ब्लँक पुरवणीत ढकलू नकोस. मसुद्याची पहिली आकृती त्याचीच असू दे. रेणूचा वाटा उरलाच, तर तो ब्लँक वजा करून जेवढा दिसेल तेवढाच लिही. थराच्या उभ्या छेदाच्या टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) प्रतिमेसाठी आजच नाव नोंदव, कारण रांग मोठी असते. आणि हा मसुदा मला आधी दाखवू नकोस. तो वहीसकट प्रथम तुझ्या मार्गदर्शकांपुढे ठेव, त्यांच्या पाठीमागे काहीही करायचे नाही.