जुन्या एम३ वर नवी लेन्स: आधी बॉडी तपासा

तुमचा प्रश्न असा, की लाइका एम३ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याला आजची ३५ किंवा ५० मिमीची लेन्स लावण्यात खरंच अर्थ आहे का. नक्कीच आहे. १९५४ मध्ये एम३ बरोबर आलेला बायोनेट माउंट (लेन्स फिरवून अडकवायची कडी) आजही तोच आहे. माउंटपासून फिल्मपर्यंत २७.८ मिमी, आणि लेन्सची मागची कड बॉडीतल्या छोट्या चाकाला ढकलते, त्यावर रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस ठरवणारी यंत्रणा) चालतो. म्हणून फोइग्टलेंडर किंवा झाइस या दुसऱ्या कंपन्यांची कालपरवाची लेन्सही त्यावर सरळ बसते आणि फोकसही देते. त्या काळच्या बऱ्याच लेन्सच्या काचा आता आतून धुरकटल्या आहेत. नव्या कोटिंगची लेन्स उजेडासमोर धरली की फरक लगेच दिसतो.

एम३ साठी माझं मत ५० मिमीच. फाइंडर (बघायची खिडकी) दृश्य ०.९१ पट, जवळजवळ खऱ्या आकाराचं दाखवतो, म्हणजे दुसरा डोळाही उघडा ठेवला तर ५० च्या लेन्समध्ये किती मावेल ते दाखवणारी चौकट जणू समोरच्या दृश्यावरच तरंगते. ३५ ची चौकट एम३ मध्ये नाहीच. ती लेन्स लावली की १३५ ची उमटते आणि वर वेगळा फाइंडर लावावा लागतो.

पण लेन्स घेण्याआधी बॉडीची जुळवणी बघा. ५० मिमी, ॲपर्चर (उजेड येण्याचं छिद्र) एफ/१.४ इतकं उघडं, अंतर एक मीटर: शार्प पट्टा जेमतेम ३ सेंमीचा. रेंजफाइंडर थोडा जरी सरकला असेल, तरी डोळ्याऐवजी कान शार्प येतो. लेन्स अनंतावर ठेवून दूरच्या मनोऱ्याकडे किंवा चंद्राकडे बघा, दोन प्रतिमा तंतोतंत एक व्हायला हव्यात. मग ट्रायपॉडवर, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं), ते दाबून धरायला केबल रिलीजची तार अडकवून, फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर घासलेली काच ठेवा. (बाहेरच्या पट्ट्यांवर ठेवलीत तर सगळं माप चुकतं.) ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक मीटरवरच्या छापील अक्षरांवर रेंजफाइंडरने फोकस करा आणि काचेवरची प्रतिमा भिंगाने तपासा. दोन वेगवेगळ्या लेन्स एकाच बाजूला चुकत असतील तर दोष बॉडीचा. एकच चुकत असेल तर त्या लेन्सचा. अनंत बरोबर आणि जवळचं चूक असेल तर चाकाच्या दांड्याची लांबी बदलावी लागते. ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्या.

झाइसची सी-सोनार ५० मिमी एफ/१.५ घेणार असाल, तर तिचा फोकस ॲपर्चर बदलताना सरकतो. तो लेन्सचा स्वभाव आहे, त्यासाठी बॉडी उघडू नका.

काही नव्या लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत फोकस होतात. एम३ चा रेंजफाइंडर ०.७ मीटरलाच थांबतो, अगदी सुरुवातीच्या बॉडीत एक मीटरला. त्याहून जवळचं अंतर टेप लावून मोजा, आणि मोजणी फिल्मपासून.

शटरचा पडदा कापडी असतो आणि समोर आरसा नसतो. अनंतावर ठेवलेली उघडी एफ/१.५ लेन्स सूर्याकडे राहिली, तर काही सेकंदांत पडद्याला भोक पडू शकतं. उन्हात गळ्यात असताना झाकण लावा, नाहीतर एफ/१६ वर ठेवा. जुनी भोकं शोधायला अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून पुढून टॉर्च मारा आणि मागचं दार उघडून बघा. वाइंड करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा, कारण पडदे दोन आहेत.

स्क्रू माउंटच्या लेन्स १ मिमीच्या रिंगने एम बॉडीवर चालतात. उलटं, एम लेन्स स्क्रू बॉडीवर, होत नाही. रिंग घेताना ती ५० च्या चौकटीसाठीची आहे ना, हे पाहून घ्या.